सक्तीचा पेपर आणि राखीव पार्किंग: भांडण एकच

नमस्कार. विद्यापीठाच्या विद्या परिषदेची, म्हणजे अभ्यासक्रमावर शेवटचा निर्णय घेणाऱ्या मंडळाची, विषयपत्रिका डोळ्यांसमोर आणा. विषय क्रमांक 4, पदवीला संख्याशास्त्राचा एक पेपर सक्तीचा करणे. विषय क्रमांक 9, आवारातल्या पार्किंगचे नवे नियम. दोन्हींवर तास-तासभर वाद होतो आणि दोन्ही पुढच्या बैठकीला ढकलले जातात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष क्लार्क केर 1963 साली गमतीत म्हणाले होते, की विद्यापीठ म्हणजे आपापला धंदा चालवणारे प्राध्यापक, आणि त्यांना एकत्र बांधते ती पार्किंगची तक्रार. लोक हसून सोडून देतात. पण हे दोन्ही वाद आतून एकच आहेत: जागा मोजकी, मग माझ्या नावाने राखीव किती?

आधी पेपरचा हिशोब. (स्क्रीनवर: 60 + 30 + 30 = 120) पदवी 120 क्रेडिटची धरू (क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन मोजायचं एकक). मुख्य विषयाचे 60, इतर सक्तीचे 30, ऐच्छिक 30. नवा 4 क्रेडिटचा पेपर आला की ऐच्छिक उरतात 26. आता वर्षाला 1,200 विद्यार्थी, तुकडी 60 ची, म्हणजे 20 तुकड्या. दोन सत्रांत वाटल्या तर सत्राला 10. आठवड्याला प्रत्येकी 4 तास, एकूण 40. शिक्षकाला आठवड्याला 16 तास धरले, तर संख्याशास्त्र विभागाला अडीच शिक्षकांचं काम मिळालं. हेच विद्यार्थी आधी 30-30 च्या ऐच्छिक तुकड्यांत बसत होते. अशा 40 तुकड्या बंद होतात, म्हणजे पाच शिक्षकांचं काम जातं. मिळवणारा एक विभाग, गमावणारे सात-आठ. बैठकीत मात्र ‘माझा वर्कलोड जातोय’ असं कुणीच म्हणत नाही. सगळे विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासावर बोलतात! म्हणून वर्कलोडचा तक्ता प्रस्तावालाच जोडा. निदान भांडण खऱ्या मुद्द्यावर होईल.

गाडी अडते ती पुढे. पाचातला एक नापास झाला, तर पुढच्या वर्षी 240 जण परत येतात आणि 4 तुकड्या वाढतात. त्यांची तरतूद कुणी केलेली नसते. पेपरला आधीचं गणित लागत असेल, तर 4 क्रेडिटचे गुपचूप 8 होतात. आणि पेपर एकाच सत्रात शिकवला जात असेल, तर हुकलेला विद्यार्थी वर्षभर लटकतो. जुन्या अभ्यासक्रमाच्या मुलांसाठी समकक्षता तक्ता (जुन्या कुठल्या पेपरऐवजी नवा कुठला चालेल) आणि परीक्षेच्या किती संधी उरल्या, हे ठरावातच लिहायचं. नियम लागू करायचा तो प्रथम वर्षापासून, वरच्या वर्गांना नाही.

आता पार्किंग. जागा 400 असल्या तर गाडी लावायच्या परवान्याचे स्टिकर किती द्यायचे? 400 म्हणाल, तर बऱ्याच जागा दिवसभर रिकाम्या राहतील, कारण सगळे एकाच वेळी येत नाहीत. आधी मोजा. सत्र सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या दोन दिवशी, सकाळी 8 ते संध्याकाळी 6, दर तासाला गाड्या मोजायच्या. परीक्षेच्या आठवड्यात मोजू नका, आकडा फसवतो. समजा ऐन गर्दीत स्टिकरवाल्यांपैकी 75 टक्केच हजर दिसले. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप रस्त्याकडेच्या पार्किंगसाठी सुमारे 85 टक्के भरणा पुरे मानत, म्हणजे सातांत एक जागा मोकळी आणि घिरट्या बंद. तोच मापदंड इथे लावू. 400 चे 85 टक्के 340. 340 ला 0.75 ने भागा, आले 453 स्टिकर. अपंगांच्या जागा मात्र या हिशोबातून आधीच बाजूला काढायच्या, त्यांवर गुणाकार-भागाकार नाही.

नावाची पाटी लावलेली जागा सगळ्यांत महाग. साहेब रजेवर, जागा रिकामी, आणि बाजूने वीस गाड्या फिरतायत. (केर यांच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात नोबेलवाल्यांना अशी राखीव जागा मिळते. तेवढं चालेल, मोजकेच आहेत.) बाकीच्यांना पाटी नको, विभागवार झोन द्या, झोनमध्ये मोकळी दिसेल ती जागा घ्यायची. वर्षाचं शुल्क एकदम घेतलं, की ‘पैसे भरलेच आहेत’ म्हणून माणूस रोज गाडी काढतो. रोजच्या रोज शुल्क घेतलं, तर आठवड्यातले एक-दोन दिवस तरी तो विचार करतो.

हीच झोनची युक्ती अभ्यासक्रमात चालते. एका विभागाचा एकच पेपर सक्तीचा करण्याऐवजी ‘आकडेवारीवर आधारित विचार’ असा गट करा आणि त्यात पाच-सहा पेपर ठेवा, वेगवेगळ्या विभागांचे. धोका एकच, गट सुजतो. प्रत्येक विभाग आपला पेपर घुसवतो आणि काही वर्षांत त्यात काहीही बसतं. म्हणून प्रवेशाचे निकष लेखी हवेत, उदाहरणार्थ निम्मे गुण प्रत्यक्ष आकडेमोडीला, आणि दर तीन वर्षांनी छाटणी.

प्रस्तावाच्या नमुन्यात एक रकाना वाढवा: ‘याच्या बदल्यात काय काढणार?’ तो कोरा असेल, तर प्रस्ताव परत अभ्यास मंडळाकडे, म्हणजे त्या विषयाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीकडे.