सकाळी लागलं, संध्याकाळी सुटलं: कोचीतला एक दिवस

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या नागपुरातून समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेला निघा, एक रात्र गाडीत काढावीच लागते. तोवर फुटाळ्याच्या काठावर भाजलेलं कणीस खायचं आणि त्यालाच चौपाटी म्हणायचं, ही आपली हौस. अलीकडे मात्र लग्नाच्या पंगतीत एक नवा विषय ऐकू येतो, क्रूझचा. मुंबईला बॅलार्ड पियरवर जहाजात बसायचं आणि गोवा, कोची, लक्षद्वीप असं काहीतरी करून परत यायचं. जहाजावर जेवायला काय काय होतं ते तुम्हाला पंगतीतच कळेल, त्यात मी शिरत नाही. जहाज एखाद्या बंदराला दिवसभर थांबतं, त्या दिवसाचं काय करावं, एवढाच आजचा विषय. आणि शहर घेतलंय कोची.

आधी वेळेचा हिशेब. समजा कागदावर लिहिलंय, सकाळी सातला जहाज लागेल, संध्याकाळी सहाला सुटेल. आपण म्हणतो, वा, अकरा तास! पण जहाज धक्क्याला बांधायचं, कागदपत्रं व्हायची, मग रांग. खाली पाय टेकेपर्यंत साडेआठ होतात. परत चढायची शेवटची वेळ सुटण्याच्या बरीच आधी असते. शिवाय बंदराच्या फाटकावर ओळखपत्र, जहाजाचं कार्ड, तपासणी हे सगळं असतंच. हातात खरे उरतात सात-साडेसात तास. जहाजाच्या सहलीबरोबर गेलात आणि बस अडकली, तर जहाज आपल्या सहलीसाठी थांबतं. स्वतःचे गेलात, तर सहसा थांबत नाही. तरीही मी म्हणेन, कोचीत स्वतःचे जा. अंतरं थोडी आहेत, आणि सहलीच्या बसमध्ये चाळीस माणसांची मोजणी करण्यातच सकाळ जाते. फक्त परतीची वेळ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये लावून ठेवा.

आता खरी गोष्ट. बंदराचं शहर समुद्राकडून बघावं, कारण ते समुद्राकडे तोंड करूनच बसलेलं असतं. रेल्वेनं आपण एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या जमिनीकडच्या भागात उतरतो, म्हणजे मागच्या दारानं शिरतो. जहाज मात्र थेट पुढच्या दारातून आत येतं. म्हणून त्या दिवशी पहाटे झोपायचं नाही, डेकवर उभं राहायचं. एका बाजूला वायपीन बेट, दुसऱ्या बाजूला फोर्ट कोची, आणि मधल्या अरुंद तोंडातून एवढं मोठं जहाज हळूहळू आत सरकतं.

हे तोंडच कोचीचा सगळा इतिहास आहे. 1341 साली पेरियार नदीला मोठा पूर आला. त्यात उत्तरेकडचं मुझिरिस हे जुनं, प्रसिद्ध बंदर गाळानं बुजलं आणि कोचीचं तोंड उघडलं, असं सांगतात. बंदर मिळालं खरं, पण तोंडाशी वाळूचा बांध होता. मोठी जहाजं बाहेर उभी राहायची आणि माल होड्यांतून आत यायचा. 1920 साली रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज अभियंता आला, त्यानं तो बांध खोदून काढला आणि उपसलेला गाळ आतल्या पाण्यात भरून एक बेट उभं केलं. तेच विलिंग्डन बेट. तुमचं जहाज लागतं ते याच बेटाला. म्हणजे शिडी उतरून पहिलं पाऊल टाकता ती जमीन शंभर वर्षांपूर्वी पाण्याच्या तळाशी होती. हे माहीत असलं की त्या रुक्ष धक्क्याकडेही माणूस जरा आदरानं बघतो.

फाटकाबाहेर रिक्षावाले गाठतात. "फुल डे, ऑल पॉइंट्स." छापील तक्त्यावर पंधरा-वीस फोटो असतात. आमच्या जाऊबाईंना तो तक्ता फार आवडला होता. पंधरा ठिकाणं म्हणजे पंधरा वेळा चढउतार, आणि त्यात मसाल्याची, साड्यांची दुकानं, जिथे तुम्ही नुसते आत गेलात तरी आणणाऱ्याला काहीतरी मिळतं. रिक्षावाल्याला सरळ सांगा, फोर्ट कोचीला सोड, पुढे आम्ही बघतो. दोनच जागा करा, सकाळी फोर्ट कोची आणि दुपारी मट्टनचेरी. एर्नाकुलमचे मॉल नि मोठे रस्ते सोडून द्या. मॉल आपल्याकडेही आहेत.

फोर्ट कोचीत आधी ती मासे धरायची चिनी जाळी. फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असतात, पण ती चालतात कशी हे फोटोत कळत नाही. पाण्याच्या कडेला लाकडी वाशांचा प्रचंड सांगाडा. त्याच्या पुढच्या टोकाला चारी कोपऱ्यांतून ताणलेलं जाळं, मागच्या टोकाला दोरांना बांधलेले मोठमोठे दगड. जाळं खाली सोडायचं की एक जण मधल्या वाशावरून पाण्याच्या दिशेनं चालत जातो. त्याच्या वजनानं तोल ढळतो, जाळं पाण्यात उतरतं आणि दगड वर जातात. थोड्या वेळानं चार-सहा जण मिळून दोर ओढतात, दगड एकामागून एक खाली टेकतात आणि जाळं वर येतं. आत काय? पुष्कळदा ओंजळभर मासळी आणि शेवाळ. तुम्हालाही दोर ओढायला बोलावतात, मग पैसे मागतात. द्यावेत. तेवढ्या मासळीवर घर कसं चालणार?

तिथून चालत सेंट फ्रान्सिस चर्च. 1503 साली पोर्तुगीजांनी इथे लाकडी चर्च उभारलं, नंतर ते पक्कं बांधलं. वास्को द गामा कोचीतच वारला, 1524 साली, नाताळच्या आदल्या दिवशी. त्याला इथे पुरलं आणि काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. त्यामुळे बघायला आहे ती रिकाम्या कबरीची जागा. मला त्यापेक्षा छताला टांगलेले कापडी पंखे बघण्यासारखे वाटले. त्यांचे दोर भिंतीतून बाहेर जातात, बाहेर उन्हात बसून कुणीतरी ते ओढायचा आणि आत साहेब प्रार्थना करायचे. कोचीचा घाम अनुभवला की त्या बाहेरच्या माणसाचीच जास्त आठवण येते. आपला मे महिना भाजून काढतो, पण घाम निदान वाळतो तरी. तिथे वाळतच नाही. सुती कपडे आणि टोपी, बाकी काही लागत नाही.

जेवणाचं फार मनावर घेऊ नका. पण सकाळी पुट्टु आणि कडला करी मिळाली तर जरूर खा. वाफवलेलं तांदळाचं पीठ आणि वर काळ्या चण्याचा रस्सा, तर्री-पोह्यांवर वाढलेल्या माणसाला हे जेवण परकं वाटणार नाही.

दुपारी मट्टनचेरी. इथे वार बघून जायचं. राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यूंचं प्रार्थनामंदिर शनिवारी. जहाज कुठल्या वारी लागणार हे तिकीट काढतानाच बघून घ्या.

या राजवाड्याची गंमत अशी, की तो पोर्तुगीजांनी बांधला, 1555च्या सुमारास, कोचीच्या राजाला भेट म्हणून. पुढे डचांनी त्याची डागडुजी केली, म्हणून नाव पडलं डच पॅलेस. आणि आत भिंतींवर आहे रामायण! राजाच्या शयनगृहातली ती चित्रं हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रंगांत इतकी दाटून काढली आहेत की रिकामी जागा सापडत नाही. आमचे हे दहा मिनिटांत बाहेर येऊन बाकावर बसले. मी बराच वेळ आत होते.

जवळच ज्यूंचं ते प्रार्थनामंदिर, परदेशी सिनेगॉग, 1568 सालचं. जमिनीवर चीनहून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशा, प्रत्येकीवर हातानं काढलेलं चित्र. मान खाली घालून चाला. ज्यांनी ते बांधलं त्यांचे बहुतेक वंशज इस्राएलला गेले. गल्लीला नाव त्यांचं आहे, दुकानं आता दुसऱ्यांची. मिरी नि सुंठेच्या वासानं मात्र गल्ली अजून भरलेली असते. मिरी घ्यायचीच तर थोडी पुढे, जिथे गावातले लोक घेतात तिथे घ्या.

आणि वेळ उरला तर चेरलाईकडे वळा. इथे कोकणी बोलणारी सारस्वत मंडळी शेकडो वर्षं राहतात, तिरुमल देवस्वम् हे त्यांचं मोठं देऊळ. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीजांनी धर्मासाठी छळ मांडला, तेव्हा त्यातले बरेच जण किनाऱ्यानं खाली आले. त्याच पोर्तुगीजांनी ज्या राजाला वाडा बांधून दिला, त्याच राजाच्या गावात त्यांना आसरा मिळाला. मल्याळम पाट्यांच्या गर्दीत दोन आज्ज्या कोकणीत भाजीचा भाव करताना ऐकल्या आणि जाऊबाई थबकल्याच. "अगं, हे कळतंय की!" म्हणाल्या.

फोर्ट कोचीहून एर्नाकुलमकडे बोटीही आहेत. 2023 साली सुरू झालेली वॉटर मेट्रो बॅटरीवर चालते, आत थंडगार असते. बोटीची हौस असेल तर सकाळीच भागवा. परतीच्या वेळी बोटीची रांग आणि जहाजाची वेळ यांची सांगड घालत बसू नका, सरळ रिक्षा करा.

एवढ्या लांबून निघणाऱ्यांसाठी शेवटचं. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे बेत दिवाळीनंतरचाच धरा. विदर्भ एक्स्प्रेस असो की दुरांतो, जहाज सुटायच्या दिवशी सकाळी मुंबईत उतरायचा बेत करू नका. गाडीला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी पोचा, दादरला कुणीतरी नातेवाईक असतोच.

नमस्कार.