राजा मेल्यावर राज्य कुठे असतं?

मंडळी, मध्ययुगीन युरोपातल्या राजांविषयी बोलायचं म्हटलं की मुकुट, किल्ले आणि लढायांपासून सुरुवात होते. मी आज एका प्रेतापासून सुरुवात करणार आहे.

९ सप्टेंबर १०८७. उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीत, रुआं शहराबाहेर, सेंट जेर्वेच्या मठात इंग्लंडचा राजा विल्यम वारला. १०६६ साली समुद्र ओलांडून इंग्लंड जिंकणारा तोच हा विल्यम. वीस-एकवीस वर्षं त्याच्या नावाने दोन्ही किनाऱ्यांवरचे सरदार चळचळा कापत होते. त्याने डोळे मिटले आणि काय झालं? ऑर्डरिक व्हिटालिस या मठवासी इतिहासकाराने ते पुढे लिहून ठेवलं आहे. उशा-पायथ्याशी बसलेले मोठे लोक तडक घोड्यांवर बसले आणि आपापली मालमत्ता सांभाळायला धावले. मागे राहिलेल्या नोकरचाकरांनी हत्यारं, भांडी, कपडे, अंथरुणं, हाताला लागेल ते उचललं आणि पोबारा केला. राजाचं प्रेत जवळजवळ उघडं, जमिनीवर पडून राहिलं.

एका गावाकडच्या सरदाराने पदरमोड करून ते काँ शहरी नेलं. खड्ड्यात उतरवणार, एवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. ही जागा माझ्या बापाची आहे, म्हणाला, विल्यमने ती बळजबरीने घेतली, तिथे त्याला पुरू देणार नाही. आसपासच्या लोकांनी त्याच्या बाजूने साक्ष दिली. तेव्हा ६० शिलिंग रोख मोजले आणि मग राजाला माती मिळाली. जिवंतपणी आख्खा देश घेणाऱ्याला मेल्यावर साडेतीन हात जमीन विकत घ्यावी लागली.

ऑर्डरिक पडला साधू. वैभव किती नश्वर असतं हे त्याला दाखवायचं होतं, त्यामुळे त्याने थोडा रंग चढवला असेल. पण घोड्यांवर बसून पळालेल्या त्या सरदारांना मी कृतघ्न म्हणणार नाही. त्यांना पक्कं ठाऊक होतं की आता काही दिवस या देशात कायदा नाही.

हे नीट समजून घेऊ या, कारण आजच्या व्याख्यानाचा सगळा जीव इथे आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये शांतता ही राजाने आपल्या जबानीवर दिलेली गोष्ट होती. वाटमारी केली, तर तुम्ही राजाचं अभय मोडलंत, म्हणून शिक्षा. मग राजाच गेला तर मोडायचं कोणाचं अभय? त्याच्याबरोबर त्याची द्वाहीही मेली. नव्या राजाने शपथ घ्यायची, आर्चबिशपने त्याला पवित्र तेलाचा अभिषेक करायचा, मग त्याच्या नावाने द्वाही फिरणार. मधले दिवस कोणाचेच नाहीत. १ डिसेंबर ११३५ला विल्यमचा मुलगा पहिला हेन्री गेला, तेव्हाचं पीटरबरोच्या मठातलं बखरवजा टिपण सांगतं की ज्याला जमलं त्याने दुसऱ्याला लुटलं. त्याच टिपणात हेन्रीच्या धाकाची स्तुती आहे. त्याच्या राज्यात माणसालाच नव्हे, जनावरालाही सुख होतं म्हणे. एका माणसाचा श्वास थांबला आणि तो धाक संपला. हेन्रीचं प्रेत अजून नॉर्मंडीतच होतं, वाऱ्याची वाट बघत, तेवढ्यात भाचा स्टीफन समुद्र ओलांडून २२ डिसेंबरला राजा होऊन बसलाही. सरदारांनी हेन्रीच्या मुलीला, मटिल्डाला, आधीच निष्ठेच्या शपथा दिल्या होत्या. त्या शपथा हवेत विरल्या आणि देश बरीच वर्षं यादवीत जळत राहिला.

म्हणून राजा मेला की वारसांची शर्यत लागे. हा पहिला हेन्री स्वतः तसाच गादीवर आला होता. २ ऑगस्ट ११०० रोजी त्याचा भाऊ दुसरा विल्यम जंगलात शिकारीत बाण लागून मेला. हेन्री तिथून थेट विंचेस्टरला दौडत गेला, कारण खजिना तिथे होता. खजिन्याच्या रखवालदाराने त्याला अडवलं. थोरला भाऊ रॉबर्ट हयात आहे, आपण त्याला वचन दिलंय, तो पहिल्या धर्मयुद्धाहून परततोय, असं तो म्हणाला. हेन्रीने तलवार उपसली. ५ ऑगस्टला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, वेस्टमिन्स्टरला अभिषेक उरकला. रॉबर्ट सप्टेंबरात नॉर्मंडीत पोचला, तेव्हा इंग्लंड हातचं गेलं होतं.

रॉबर्टची ही गोष्ट लक्षात ठेवा. आता थोडं मागे, इटलीत जाऊ.

१०२४ साली जर्मनी आणि इटलीवर राज्य करणारा सम्राट दुसरा हेन्री वारला. बातमी पाविया शहरात पोचताच तिथल्या लोकांनी राजवाडा पाडला, पायाच्या दगडापर्यंत खणून काढला. पुन्हा कुठल्या राजाने शहरात वाडा बांधायचं मनात आणू नये, म्हणून. पुढच्या वर्षी त्यांचे वकील नव्या राजासमोर, दुसऱ्या कॉनराडसमोर, उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. आमचा राजा जिवंत होता तोवर आम्ही इमानाने चाकरी केली. तो मेल्यावर आम्हाला राजाच नव्हता. मग आम्ही राजाचं घर पाडलं असं कसं म्हणता? बिनतोड! आणि त्या काळच्या समजुतीने खराही. कॉनराडचं उत्तर त्याचा पुरोहित विपो याने नोंदवलं आहे: तुम्ही राजाचं घर पाडलं नसेल, पण राज्याचं घर पाडलं, तांडेल पडला तरी तारू राहतं, तसा राजा गेला तरी राज्य राहतं.

माझ्या मते मध्ययुगातल्या राजसत्तेविषयीचं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे. ते कॉनराडचं की विपोने त्याच्या तोंडी घातलेलं, याने मला फरक पडत नाही. कोणीतरी अकराव्या शतकात असा विचार केला, हे मोठं आहे. पण वाक्य सुचणं वेगळं आणि त्यावर देश चालणं वेगळं. त्याला अडीचशे वर्षं लागली.

फ्रान्सच्या राजांनी आधी साधा तोडगा काढला: बाप जिवंत असतानाच मुलाला अभिषेक करून टाकायचा, म्हणजे फटच राहत नाही. ९८७पासून ११७९पर्यंत हे चाललं. खरं वळण आलं ते १२७०मध्ये. नववा लुई ट्युनिसच्या किनाऱ्यावर छावणीत वारला. मुलगा फिलिप तिथेच होता, फ्रान्सच्या राजांना जिथे अभिषेक होई त्या रॅंस शहरातला सोहळा वर्षभर दूर, तरी त्याची कारकीर्द बापाच्या मृत्यूपासून मोजली गेली.

आणि दोनच वर्षांनी इंग्लंडमध्ये रॉबर्टचीच परिस्थिती जशीच्या तशी पुन्हा उभी राहिली. १६ नोव्हेंबर १२७२ला तिसरा हेन्री गेला. वारस एडवर्ड धर्मयुद्धाहून परतत होता, सिसिलीत. ११००च्या हिशेबाने त्याचं राज्य बुडालंच होतं. पण २० तारखेला, बापाच्या दफनाच्या दिवशी, वेस्टमिन्स्टरच्या वेदीसमोर सरदारांनी गैरहजर एडवर्डला निष्ठेची शपथ घेतली आणि त्याच्या नावाने द्वाही फिरवली. डोक्यावर मुकुट नाही, अंगाला तेल नाही, माणूस शेकडो कोस दूर, तरी राजा! एडवर्ड सावकाश गॅस्कनीतून फिरत ऑगस्ट १२७४मध्ये घरी आला, तेव्हा राज्य जागच्या जागी होतं. १६ ते २० नोव्हेंबर एवढे चार दिवस मात्र कोणाच्याच खाती नाहीत. १३०७मध्ये तोही वारला, तेव्हा मुलाची कारकीर्द दुसऱ्याच दिवसापासून धरली.

न मरणारा राजा लोकांच्या डोळ्यांना दिसायला हवा, म्हणून लाकडाचा राजा आला. १३२७मध्ये दुसऱ्या एडवर्डच्या दफनविधीत मुकुट घातलेली लाकडी प्रतिमा ठेवल्याची नोंद आहे. त्याच्या मुलाची, तिसऱ्या एडवर्डची प्रतिमा वेस्टमिन्स्टर ॲबेने आजही जपली आहे. चेहरा मृत्यूनंतरच्या साच्यावरून घेतलेला, आणि तोंडाची एक बाजू किंचित ओघळलेली, पक्षाघात झालेल्या म्हाताऱ्यासारखी. अमर राजा दाखवायला निघाले आणि मर्त्य माणूस तेवढ्याच प्रेमाने कोरून बसले! मला त्या अनाम सुताराविषयी फार आदर वाटतो.

पण तेलावरची श्रद्धा सुटली असं समजू नका. १४०७मध्ये फ्रान्सच्या सहाव्या चार्ल्सने फर्मान काढलं की वारस, वय काहीही असो, बाप मरताक्षणी राजा होतो. १४२२मध्ये तो स्वतः गेला. सेंट डेनीच्या मठात त्याला पुरताना भालदाराने त्याच्या आत्म्याला शांती मागितली आणि लगेच नव्या राजाचा जयजयकार केला. हा नवा राजा म्हणजे त्याच्या मुलीचा मुलगा, इंग्लंडचा राजा सहावा हेन्री, अवघा अकरा महिन्यांचा आणि समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये. चार्ल्सच्या मुलाने, म्हणजे सातव्या चार्ल्सने, दक्षिणेत आपली वेगळी द्वाही फिरवली. कायद्याने दोघेही राजे. पण जोन ऑफ आर्क सात वर्षांनंतरही या चार्ल्सला राजा म्हणत नव्हती, ‘दोफें’ म्हणायची, म्हणजे युवराज. १७ जुलै १४२९ रोजी रॅंसला त्याला अभिषेक झाला, तेव्हा कुठे त्या शेतकऱ्याच्या पोरीने गुडघे टेकून त्याला राजा म्हटलं. इंग्रजही उमगले. १६ डिसेंबर १४३१ला, कडाक्याच्या थंडीत, त्यांनी आपल्या दहा वर्षांच्या हेन्रीला पॅरिसच्या नोत्र दामात नेऊन मुकुट घातला.