शनिवारची ताई

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या गावातल्या नववी-दहावीच्या मुलींना विचारून बघा, ‘पोरींनो, पुढं काय व्हायचंय?’ बऱ्याच जणी ‘पोलीस’ म्हणतील, नाहीतर ‘नर्स’. गावात नोकरी करणारी बाई म्हणून त्यांनी ह्याच दोघी पाहिलेल्या असतात. आपण ‘वा, छान!’ म्हणतो आणि चालू लागतो. माझं म्हणणं आहे, तिथंच जरा बसावं आणि दुसरा प्रश्न विचारावा. ‘भरतीला काय काय लागतं, माहीत आहे का गं?’

बहुतेकींना माहीत नसतं. पोलीस शिपाई व्हायला बारावी पास लागते, वय 18 पूर्ण लागतं, मुलींसाठी उंची 155 सेंटीमीटर. 800 मीटर धावायचं, गोळाफेक करायची, लेखी परीक्षा वेगळी. नर्सिंगचं एएनएम घ्या, जीएनएम घ्या, प्रवेश बारावीनंतरच. म्हणजे दोन्ही वाटा बारावीतूनच जातात. आमच्या बीड जिल्ह्यात मात्र कितीतरी मुलींची वाट दहावीच्या सुट्टीतच लग्नापाशी अडते.

मी दर शनिवारी दुपारी एका गावात किशोरी गटाची ताई म्हणून जाते. मानधन नाही, पद नाही. अंगणवाडी सुटली की त्याच खोलीत सतरंजी टाकतो. कुणी धाकट्या भावाला काखेला मारून येते, कुणी शेंगा फोडायला घेऊन येते, कारण नुसतं बसायला घरून सोडत नाहीत. मग बोलता बोलता शेंगाही फोडून होतात. मी सुरुवातीला भाषणाची तयारी करून जायची. ते लवकरच सोडून दिलं. मुलींना भाषणं शाळेत भरपूर मिळतात.

ऊसतोडीचं गणित आपल्याकडच्या श्रोत्यांना मी काय सांगावं? तरी शहरातून ऐकणाऱ्यांसाठी सांगते. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडं निघतात, परततात ते थेट उन्हाळ्यात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती त्याच हिशोबानं. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता. म्हणून हंगामाच्या तोंडावर त्याचं लग्न उरकायची घाई. आणि मुलीच्या आईला वेगळीच काळजी. वयात आलेली पोर ऊसतोडीच्या फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, न्यायची भीती वाटते, गावात थकलेल्या आजीजवळ ठेवायचीही भीती वाटते. मग ‘चांगलं स्थळ आलंय’ म्हणून विषय संपतो. त्या आईला अडाणी म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. तिच्याकडं दुसरा पर्याय कुणी ठेवलाय?

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 20 ते 24 वर्षांच्या स्त्रियांना लग्नाचं वय विचारलं होतं. राज्यात साधारण 22 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. बीड जिल्ह्यात हाच आकडा चाळीसच्या वर गेला.

कायदा आहे. 2006 चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि 1098 वर कुणालाही फोन करता येतो. करायची वेळ आली तर मी करतेच. पण हळद लागायच्या दिवशी फोन करण्यापेक्षा मे महिन्यात तिच्या घरी दोनदा चहाला जाणं मला जास्त उपयोगाचं वाटतं. बापाशी थेट लग्नाचं बोलत नाही. अकरावीच्या अर्जाचं बोलते. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झालेत. पसंतीक्रम भरायचा, कागद चढवायचे, आणि घरातला एकमेव मोठा फोन भावाच्या खिशात! तिथं ताईचा फोन कामाला येतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सेतूतली रांग, बारावीपर्यंत मुलींना मिळणारा एसटीचा मोफत पास, हे सगळं कुणीतरी शेजारी उभं राहून केलं की घरचे म्हणतात, ‘बरं, एवढं वर्ष शिकू दे.’ मला तेवढंच वर्ष हवं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा चहा!

पैशाचा विषय निघाला की आणखी एक गोष्ट मी सांगून ठेवते. 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. प्रवेश मात्र शासनाच्या प्रवेश फेरीतून घेतलेला हवा. ऐकून बापाचा चेहरा जरा सैल होतो.

आता एक अवघड बाब. मुलीचा तुमच्यावर जीव बसला की ती म्हणेल, ‘ताई, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही.’ अशी शपथ घेऊ नका. कुणी अंगचटीला आलं, छळलं, असं ती सांगत असेल, तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यानं तुमच्यावर ते कळवायची जबाबदारी येते. मी आधीच सांगते, ‘तुला त्रास होईल असं मी काही करणार नाही, पण मदतीला ज्याला सांगावं लागेल, त्याला सांगीन. आणि आधी तुला सांगूनच.’ काहीजणी मग गप्प बसतात. त्यातली एखादी पुढं कधीतरी शेंगा फोडता फोडता आपणहून बोलते.

आणि वार चुकवू नका. यायचं म्हटलं की यायचं. हौसेनं दोन शनिवार येऊन गायब होणाऱ्या ताया मुलींनी पाहिल्यात, नकला फार छान करतात त्यांच्या.

ज्यांना हे काम करावंसं वाटतं, त्यांनी आधी अंगणवाडीताईला नाहीतर शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं. आपण कोण, कुठून आलो, हे मुलींच्या आयांना स्वतः जाऊन सांगावं. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी जेवणानंतर घ्यायची असते, एवढं जरी पहिल्या दिवशी सांगितलंत तरी बोलणं सुरू होतं, कारण उपाशीपोटी घेऊन मळमळलं म्हणून निम्म्याजणींनी ती फेकलेली असते.

सुरुवात दसऱ्याच्या आत करा. नंतर गटातल्या बऱ्याच मुली टोळीबरोबर गेलेल्या असतील. त्यांचे, त्यांच्या आईवडिलांचे आणि मुकादमाचेसुद्धा नंबर जाण्याआधी लिहून घ्या, म्हणजे शनिवारी फोन लावता येतो. फडावर रेंज मिळाली तर मिळाली.

नमस्कार.