मिक्सिंगआधीची प्रिंट

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर उघडलेलं एका मराठी गाण्याचं सेशन, म्हणजे त्या गाण्याची कामाची फाईल. रंगीत पट्ट्या एकाखाली एक.)

हिरव्या पट्टीत तबला आहे. निळीत व्हायोलिनचा ताफा, पिवळीत सिंथ बेस. प्ले दाबलं की सगळं ऐकू येतं. पण यांतल्या एकाही पट्टीत आवाज साठवलेला नाही. आत आहेत फक्त सूचना: कुठला स्वर, केव्हा, किती वेळ आणि किती जोराने. जोराचं माप 0 ते 127. आवाज तयार होतो तो दरवेळी नव्याने, प्ले दाबल्यावर. तो एकदाचा ऑडिओ फाईलमध्ये पक्का करणं म्हणजे प्रिंट. मिक्सिंगला, म्हणजे सगळे आवाज एकमेकांशी जुळवायला बसण्याआधी ती का करायची, ते पाहू.

या सूचनांची भाषा म्हणजे मिडी. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-600 आणि रोलंडचा ज्युपिटर-6 हे दोन सिंथेसायझर (सिंथ), म्हणजे विजेवर स्वर तयार करणारी वाद्यं, केबलने जोडले गेले. एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून वाजलं, आणि तेही प्रतिस्पर्धी कंपनीच्या! यामागच्या दोघांना, डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना, 2013 साली तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

(दृश्य: टेपची फिरती रिळं, शेजारी मोठं मिक्सिंग कन्सोल.)

त्या काळी अडचण वेगळी होती. दोन इंची टेपवर ट्रॅक 24. त्यातला एक टाइमकोडला, म्हणजे इतर यंत्रं टेपशी जुळवून चालवणाऱ्या खुणांना, गेला की उरले 23. गायक, कोरस, गिटार यांनाच ते पुरायचे नाहीत. मग सिंथ टेपवर घ्यायचेच नाहीत, मिक्सच्या वेळी सिक्वेन्सर (मिडीच्या सूचना साठवून वाजवणारं यंत्र) टेपशी जुळवून थेट वाजवायचे, अशी पद्धत पडली. आज ट्रॅक हवे तितके आहेत. 1996 साली श्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी आणलं, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरला इफेक्टचे छोटे प्रोग्राम (प्लगिन) जोडायची पद्धत, 1999 च्या दुसऱ्या आवृत्तीत वाद्यंही संगणकाच्या आत आली, आणि टंचाई जागेची न राहता प्रोसेसरची झाली.

हिशोब साधा आहे. सेकंदाला आवाजाची 48,000 मापं (सॅम्पल) आणि बफर, म्हणजे संगणक एका वेळी तयार करतो तो घास, 128 सॅम्पलचा, तर सगळ्या वाद्यांचा आवाज तयार करायला संगणकाला तीन मिलिसेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात काम उरकलं नाही की स्पीकरमधून चटचट ऐकू येते. म्हणून सांगतात, मिक्सच्या आधी सगळे ट्रॅक ऑडिओ करून घ्या, मशिनवरचा भार उतरेल.

कारण बरोबर आहे, पण मला ते लंगडं वाटतं. मिक्सच्या वेळी कुणी वाजवत नसतं, बफर 1024 करा, 21 मिलिसेकंद मिळतात. आजची मशिन्स तेवढ्यात पुष्कळ ओढतात. खरं कारण त्या हिरव्या पट्टीत आहे.

(दृश्य: तबल्याची पट्टी मोठी करून. एकच ठेका पुन्हा पुन्हा वाजतो.)

सॅम्पल केलेल्या, म्हणजे खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रित नमुन्यांवर चालणाऱ्या तबल्यात चाटेवरचा ‘ना’ एकदाच ध्वनिमुद्रित केलेला नसतो. तोच बोल, तितक्याच जोराने, अनेकदा वाजवून घेतलेला असतो. एकच नमुना सारखा वाजला तर कानाला मशिनगन ऐकू येईल, म्हणून वाद्य दरवेळी वेगळा नमुना उचलतं. याला राउंड रॉबिन म्हणतात. काही वाद्यांत हे नमुने क्रमाने येतात, काहींत वाटेल तसे.

आता इंजिनिअरच्या खुर्चीत बसून बघा. समेवरचा ‘धा’ जरा टोचतोय, म्हणून त्याने मोठा आवाज दाबणारा कॉम्प्रेसर लावला, पातळी अर्धा डेसिबल (डीबी) इकडेतिकडे केली, खूश झाला. मागे जाऊन पुन्हा ऐकलं तर तिथे आता दुसराच ‘धा’ वाजतोय, जरा मऊ. डग्ग्याचा घुमारा मघापेक्षा लांबलाय. त्याने मघाशी जो आवाज दुरुस्त केला, तो आता गाण्यात नाहीच!

सिंथ बेसचंही तेच. पुष्कळ सिंथमध्ये ऑसिलेटर, म्हणजे मूळ लहर तयार करणारा भाग, स्वर दाबल्यावर शून्यापासून सुरू होत नाही, तो आपला आत फिरतच असतो. स्वर त्याला कुठे गाठेल याचा नेम नाही. त्यामुळे एका वेळी बेस आणि किक ड्रमच्या लहरी एकत्र वर जातात आणि छातीवर ठोका बसतो, पुढच्या वेळी त्या एकमेकींना खातात आणि तोच ठोका पोकळ लागतो. आवाज कमीजास्त करणारा फेडर कुणीही हलवलेला नाही.

प्रिंट करायचं ते यासाठी. स्टुडिओत ‘बाउन्स कर’ म्हणतात, ‘प्रिंट कर’ म्हणतात. सॉफ्टवेअरगणिक नाव वेगळं: प्रो टूल्समध्ये बटणावर ‘कमिट’ लिहिलंय, क्यूबेसमध्ये ‘रेंडर इन प्लेस’, एबल्टनमध्ये आधी ‘फ्रीझ’ आणि मग ‘फ्लॅटन’. नुसतं फ्रीझ केलं तर प्रोसेसर सुटतो, पण निर्णय झालेला नसतो. अनफ्रीझचं बटण शेजारीच असतं आणि हात तिकडे जातोच.

राउंड रॉबिनचा फायदाही करून घेता येतो. तबला एकदाच प्रिंट न करता दोन-तीनदा करायचा आणि हाडामांसाच्या वादकाचे टेक निवडतो तसा त्यातला भरलेला निवडायचा.

(दृश्य: व्हायोलिनची ऑडिओ लहर, बाजूला तालाची उभी रेघ.)

प्रिंट झाल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. हो, दिसते. ऑर्केस्ट्राच्या नमुन्यांच्या काही संचांत (लायब्रऱ्यांत) लेगाटो, म्हणजे स्वर न तोडता वाजणारं, व्हायोलिन स्वरावर जरा उशिराच पोचतं, कारण दोन स्वरांमधला सरकताना होणारा आवाजही त्यात ध्वनिमुद्रित केलेला असतो. मिडीच्या पट्टीत स्वर अगदी रेघेवर बसलेला, आणि लहर मात्र रेघ ओलांडून सुरू होते. ताफा मागे पडतोय असं जे नुसतं वाटत होतं, ते इथे सापडतं. पकडून पुढे ओढायचं, पण कानाने. व्हायोलिनची लहर हळूहळू फुगते, डोळ्याने जुळवली की घाईत आल्यासारखी वाटते.

आता पथ्यं. सगळ्या फायली एकाच बिंदूपासून सुरू व्हाव्यात. बासरी तिसऱ्या मिनिटाला येत असली तरी तिची फाईल पहिल्या मात्रेपासूनच, मधे शांतता असली तर असू दे. ग्रॅमी देणाऱ्या रेकॉर्डिंग अकॅडमीच्या निर्माते-इंजिनिअर विभागाचाही हाच आग्रह आहे. शेवटी रिव्हर्बची, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाची, शेपूट पूर्ण विरू द्यायची. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. तीन मिनिटांचा स्टिरिओ ट्रॅक सुमारे 52 एमबी होतो, तिथे काटकसर नको. सगळ्या गाण्यावर शेवटी लावलेला, आवाजाला वरची मर्यादा घालणारा लिमिटर बंद.

इफेक्टचं काय? जो इफेक्ट वाद्याचाच भाग झालाय, गिटारचा अँप किंवा तालात उसळणारा डिले (प्रतिध्वनी), तो प्रिंटमध्ये जाऊ द्यायचा. हॉलचा आभास देणारा रिव्हर्ब काढायचा, तो इंजिनिअरचा प्रांत. शंका असेल तिथे कोरडी (इफेक्टशिवाय) आणि ओली (इफेक्टसह) अशा दोन्ही फायली द्याव्यात. आणि अरेंजरच्या मनातलं गाणं कळावं म्हणून रफ मिक्स, म्हणजे त्याने स्वतः केलेलं कच्चं मिक्स, सोबत हवंच.

(दृश्य: जुनं सेशन उघडताना पडद्यावर ‘प्लगिन सापडलं नाही’ अशा सूचनांची रांग.)

हे चित्र दहा-बारा वर्षं काम केलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. 2019 मध्ये मॅकओएस कॅटलिनाने 32 बिट प्रोग्राम बंद केले. 2020 पासून ॲपलने मॅकमध्ये स्वतःच्या चिप आणल्या. 2022 मध्ये श्टाइनबर्गने व्हीएसटी 2 गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दरवेळी काही वाद्यं कायमची मुकी झाली. 2021 च्या जूनमध्ये ॲपल म्युझिकवर डॉल्बी ॲटमॉस, म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणारा आवाज, आलं, जुनी गाणी नव्याने मिक्स करायची मागणी वाढली, तेव्हा ज्यांच्याकडे साध्या वेव्ह फायली (प्रिंट केलेला ऑडिओ) होत्या त्यांचं काम लगेच सुरू झालं.

तरी मिडी पुसायची नाही. गायिका माइकसमोर उभी राहून म्हणते, ‘दादा, काळी दोन जड जातेय हो, पांढरी दोन घेऊ या का?’ फरक अर्ध्या स्वराचा. मिडीत तो दोन क्लिकचा आहे. प्रिंट केलेलं व्हायोलिन मात्र अर्धा स्वर खाली ओढलं की त्याचा पोत बिघडतो, आणि ‘सा’ला लावलेला तबला तर लगेच उघडा पडतो. म्हणून प्रिंटचा मुहूर्त गायिकेचं डबिंग आटोपल्यानंतरचा.