दिसतात ते फक्त हातमोजे

समोरच्या घराच्या खिडकीत दोन हातमोजे दिसतात. आत हात नाहीत, मागे माणूस नाही. ते पिस्तूल उचलतात आणि गोळी झाडतात.

ही तक्रार घेऊन पोलिसांकडे गेलात, तर कोण ऐकून घेईल? स्कॉटलंड यार्डात त्यासाठी एक खातं आहे. निदान एका जुन्या ब्रिटिश चित्रपटात तरी. चक्रम तक्रारींचं खातं. प्रमुख, कर्नल मार्च.

डोळ्यावर काळी पट्टी बांधलेल्या या मिस्कील म्हाताऱ्याला ओळखलंत? फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस म्हणून जगाला घाबरवणारा नट बोरिस कार्लॉफ. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. जन्म लंडनचा, १८८७चा, पण घराण्याची मुळं आपल्या हिंदुस्थानात.

‘कर्नल मार्च इन्व्हेस्टिगेट्स’, १९५३. चित्रपट म्हणायचा एवढंच. टीव्हीसाठी चित्रित केलेले तीन भाग एकापुढे एक जोडले, झालं. बँकेतून लुटलेले पैसे, नाइट क्लबातल्या नर्तकीचा खून आणि हे हातमोजे. थिएटरवाल्यांना कायद्यानं ठरावीक ब्रिटिश चित्रपट दाखवावेच लागत. मुख्य चित्रपटाच्या जोडीला असा सत्तरेक मिनिटांचा माल स्वस्तात मिळाला, तर त्यांना हवाच होता.

जोड मात्र लपत नाही. वीस-बावीस मिनिटांत खुनी सापडतो, आपण सैलावतो, आणि गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. खोल्या एवढ्याशा, कॅमेऱ्याला मागे सरायला जागा नाही. खरं सांगायचं तर कार्लॉफ नसता, तर हे कुणी शेवटपर्यंत पाहिलं नसतं. त्याला मात्र मजा येतेय, हे दिसतं. साक्षीदाराची बडबड तो लहान मुलाची गोष्ट ऐकावी तशी ऐकतो.

दिग्दर्शक सिरिल एंडफील्ड. अमेरिकन. कम्युनिस्ट म्हणून १९५१ मध्ये अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे नाव घेतलं गेलं, हॉलिवूडची दारं बंद झाली, आणि त्यानं इंग्लंड गाठलं. हा गडी पत्त्यांच्या जादूत तरबेज होता. नजरबंदीच्या गोष्टी त्याच्या हाती पडाव्यात, हेही छानच.

हे तीन भाग ज्या टीव्ही मालिकेचे, तिच्या निर्मात्या हॅना वाइनस्टीन. त्याही अमेरिकेहून आलेल्या. काळ्या यादीतल्या, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून हॉलिवूडनं काम नाकारलेल्या लेखकांना त्या काम देत. पण पडद्यावर झळकायची ती टोपणनावं. इथेही हातमोजेच दिसायचे, हात नाही.

सप्टेंबर १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये आयटीव्ही हे खासगी चॅनेल सुरू झालं आणि कर्नल मार्च अखेर तिथल्या टीव्हीवर आला. सव्वीस भाग. तिकीट काढून पाहिलेले तीन त्यातच होते.