उलटी उघडलेली वही

[दृश्य: दक्षिण दिल्ली, भोगल. नानच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना. वरच्या खोलीत सतरंजी, फळा, मुलांचा गलका.]

निवेदन:

भोगल, लाजपतनगर, मालवीयनगर या भागांत अफगाण कुटुंबं राहतात. पश्चिमेला विकासपुरीकडे म्यानमारमधल्या चिन समाजाचे लोक, तर यमुनेच्या बाजूला मदनपूर खादरला रोहिंग्या. भारताने १९५१च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. या लोकांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था करते, आणि तिचं ओळखपत्र हाच बऱ्याच घरांतला सर्वात महत्त्वाचा कागद असतो.

अशा वस्तीतल्या, निर्वासित मुलांसाठीच्या शिकवणी केंद्रात येणाऱ्या स्वयंसेवकाला बहुधा इंग्रजी शिकवायचं असतं. पालकांनाही तेच हवं असतं, कारण अनेकांचे डोळे कॅनडा-ऑस्ट्रेलियाकडे लागलेले. पण ती वाट वर्षानुवर्षं उघडत नाही. तोवर मूल सरकारी शाळेत जातं आणि तिथे बहुतेक विषय हिंदीत असतात. अकरा वर्षांचं मूल वयाप्रमाणे सहावीच्या आसपास बसतं, मग त्याला दुसरीचं पुस्तक वाचता येवो न येवो. म्हणून आधी हिंदी.

[दृश्य: एक मुलगी वही शेवटच्या पानापासून उघडते.]

दरी, म्हणजे अफगाणिस्तानातली फारसी, या भाषेत शिकलेलं मूल उजवीकडून डावीकडे लिहितं. त्यामुळे पहिले काही दिवस अक्षर गिरवण्यापेक्षा हात फिरवण्याची दिशा महत्त्वाची. ओळीच्या डाव्या टोकाला रंगीत ठिपका काढून द्यायचा, मूल तिथून सुरू करतं. उच्चारात ट, ठ, ड, ढ अडतात, कारण दरीत हे ध्वनीच नाहीत. घरी पश्तो ही दुसरी अफगाण भाषा बोलणाऱ्याला ट-ड सहज जमतात. दोघं एकाच वर्गात असतील, तर पश्तोवाल्याला पुढे बसवावं, म्हणजे दुसरा त्याचं ऐकून शिकतो.

गणितात घोटाळा वेगळाच. फारसी अंकांत शून्य म्हणजे नुसता ठिपका, सात इंग्रजी व्हीसारखा आणि आठ उलट्या व्हीसारखा. मूल पन्नास लिहितं तेव्हा पाचापुढे टिंब देतं. तपासणारा ते पूर्णविराम समजून उत्तर चुकीचं ठरवतो. मुलाला गणित येत असतं. चिन मुलांची लिपी रोमन, पण घ, झ, ध, भ त्यांना जड जातात.

आता मराठी स्वयंसेवकासाठी खास सूचना. आपला ‘ल’ आणि ‘श’ दिल्लीच्या पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा वेगळा दिसतो. फळ्यावर पुस्तकातलाच काढायचा. आणि लिंग सांभाळायचं: आपला ‘आवाज’ पुल्लिंगी, हिंदीतली ‘आवाज़’ स्त्रीलिंगी. आपली चूक मूल प्रमाण मानून शाळेत घेऊन जातं.

[दृश्य: प्रवेश अर्ज, ओळखपत्राची छायाप्रत.]

खरा कस लागतो प्रवेशाच्या वेळी. २००९चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. त्याच्या कलम १४नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. या कलमाची प्रत सोबत ठेवावी, पण ती काढण्याआधी मुख्याध्यापकांशी शांतपणे बोलावं. बरीचशी अडवणूक आधार क्रमांकाचा रकाना रिकामा राहिल्यामुळे होते.

अफगाण तझकिऱ्यावर, म्हणजे तिथल्या सरकारी ओळखपत्रावर, अनेकदा जन्मतारीखच नसते, ‘१३९७ साली ४ वर्षांचा’ एवढंच लिहिलेलं असतं. हे साल अफगाण सौर पंचांगातलं. म्हणजे जन्म १३९३चा. त्यात ६२१ मिळवा: २०१४. जन्म दल्व किंवा हूत या तिथल्या शेवटच्या दोन महिन्यांतला असेल तर ६२२ मिळवायचे, कारण ते महिने १ जानेवारीनंतर येतात. आणि चिन नावांत आडनाव नसतं. अर्जातला रकाना भरायचा म्हणून नावाचे तुकडे पाडले, की पुढे दहावीच्या अर्जात नाव जुळत नाही. ओळखपत्रावर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर उतरवायचं. चौदा ओलांडलेल्या मुलांसाठी मुक्त विद्यालयाचा पर्याय आहे, त्याची तयारी वेगळ्या गटात करावी.

[दृश्य: दारावर लावलेले नियम.]

एका वर्गात आठ-दहा मुलं आणि दोन मोठी माणसं, दार उघडं. फोन बाहेर. फोटो अजिबात नको: मागे राहिलेल्या नातेवाइकांपर्यंत तो कोणत्या वाटेने पोहोचेल, सांगता येत नाही. घर कसं सुटलं, वाटेत काय झालं, हे विचारायचं नाही. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, खोदायचं नाही. दिवाळीत फटाके वाजू लागले की काही मुलं भिंतीला चिकटतात, त्या आठवड्यात वर्ग सकाळी घेतलेला बरा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर केंद्रप्रमुखाला सांगून भागत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८.

थोरली बहीण हिंदी शिकली की घरचा दवाखाना, भाडं, पोलीस चौकी, सगळीकडे दुभाषी म्हणून तिलाच नेतात. हजेरीत तिच्या गैरहजेरीचे वार पाहिले की हे लगेच लक्षात येतं. तिला रागावण्याऐवजी केंद्राने त्या वारी मोठा दुभाषी द्यावा.

पंधरा दिवसांसाठी येणाऱ्यांना मुलांसमोर उभं करू नये. त्यांना अर्ज, छायाप्रती, पुस्तकांची कव्हरं ही कामं द्यावीत. वर्ग घेणाऱ्याने किमान एक शालेय सत्र टिकावं, आणि जाताना प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिहून ठेवावं: कुठल्या पानापर्यंत आलं, कोणतं अक्षर अडतं, शाळेत कुणाशी बोलायचं.