गाजराची गोडी: वाफ्यापासून पातेल्यापर्यंत

गाजर ही दोन हंगामांत आयुष्य पूर्ण करणारी वनस्पती आहे. पहिल्या हंगामात ती पाने वाढवते आणि पानांनी सूर्यप्रकाशात तयार केलेली साखर जमिनीखालच्या जाड मुळात साठवते. पुढच्या हंगामात त्याच साठ्याच्या बळावर तिला उंच दांडा आणि पांढऱ्या फुलांचे छत्रीसारखे गुच्छ येतात. आपण गाजर उपटतो ते या दोन टप्प्यांच्या मध्ये, साठा भरलेला असतो आणि अजून खर्च झालेला नसतो तेव्हा. घरच्या बागेतले गाजर गोड हवे असेल, तर हा साठा नीट भरू द्यावा लागतो आणि स्वयंपाकघरात तो पाण्याबरोबर वाहून जाणार नाही, याची काळजी घ्यावी लागते.

साठा भरण्यासाठी थंडावा हवा. साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात मूळ चांगले पोसते आणि त्याला रंगही छान चढतो. उष्ण हवेत मात्र गाजराला उग्र वास देणारी द्रव्ये अधिक तयार होतात आणि साखर असूनही ती जिभेला नीट जाणवत नाही. म्हणून पेरणीची वेळ अशी निवडावी, की मूळ भरण्याचे शेवटचे आठवडे थंडीत येतील.

आता वाफ्याकडे वळू. सुमारे ३० सेंटीमीटर खोलीपर्यंत माती भुसभुशीत केलेली असावी आणि तिच्यातले खडे व ढेकळे वेचून काढलेली असावीत, कारण खाली उतरणाऱ्या मुळाचे टोक खड्याला अडले की त्याला फाटे फुटतात. ताजे शेणखत घातले तरी तेच होते, शिवाय पाला माजतो. खत घालायचे तर पूर्ण कुजलेलेच घालावे. माती जड असेल, तर लांब वाणांचा हट्ट सोडून आखूड, बुटके वाण लावावे. कुंडीतही तेच चांगले पोसते.

बी थेट वाफ्यातच, जेमतेम एक सेंटीमीटर खोल पेरावे. रोप उपटून दुसरीकडे लावताना मुळाचे कोवळे टोक दुखावते आणि पुढे गाजर वेडेवाकडे वाढते. उगवण संथ असते, एक ते तीन आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात मातीचा वरचा थर एकदाही वाळता कामा नये. ओले गोणपाट अंथरल्यास ओल टिकते, मात्र पहिले कोंब दिसताच ते काढून टाकावे.

सर्वांत अवघड काम म्हणजे विरळणी. इतकी वाट पाहून उगवलेली रोपे काढून टाकायला मन धजत नाही, पण ती केली नाही तर दाटीत एकही गाजर पुरते भरत नाही. दोन रोपांत सुमारे पाच सेंटीमीटर अंतर राहील अशा बेताने नको असलेली रोपे कात्रीने जमिनीलगत कापावीत, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का लागत नाही.

पाणी बेताचे आणि नियमित द्यावे. बरेच दिवस कोरडी राहिलेली माती एकदम भिजली, तर गाजर उभे तडकते. मातीबाहेर डोकावणारे गाजराचे खांदे उन्हाने हिरवे आणि कडवट होतात. त्यांवर मातीची भर घालावी.

बहुतेक वाणे अडीच ते साडेतीन महिन्यांत काढणीला येतात. फार लवकर काढलेले गाजर नाजूक असते, पण त्यात साखर पुरेशी भरलेली नसते. फार उशीर केल्यास गाभा कठीण होतो. एक गाजर उपटून चाखणे हीच खात्रीची परीक्षा आहे. काढल्यावर पाला लगेच कापावा, कारण तो मुळातले पाणी ओढत राहतो. साठवताना गाजरे सफरचंदांपासून दूर ठेवावीत. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने गाजर कडू होते.

स्वयंपाकघरात गोडी हरवते ती बहुधा एकाच कारणाने: बारीक तुकडे भरपूर पाण्यात उकडले जातात, त्यांतली साखर पाण्यात उतरते आणि ते पाणी ओतून दिले जाते. त्याऐवजी गाजरे अख्खी किंवा मोठ्या फोडींनी पातेल्यात घालावीत, तळ झाकेल एवढेच पाणी, चिमूटभर मीठ आणि थोडे लोणी घालून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर मऊ होऊ द्यावीत. मग झाकण काढून उरलेले पाणी आटवले, की गाजराची स्वतःचीच साखर लोण्यासह त्यावर चकचकीत थर धरते; वरून साखर घालायची गरज उरत नाही. शिजल्याने पेशींच्या भिंती सैल होतात आणि स्निग्ध पदार्थाच्या सोबतीने गाजरातले बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते नारिंगी रंगद्रव्य) शरीराला अधिक सहज मिळते. ओव्हनमध्ये २०० अंशांवर भाजल्यास पाणी उडून जाते, कडा तांबूस होतात आणि गोडीला खमंगपणा येतो. उकडायचीच असतील, तर सोलून अख्खीच उकडावीत, नंतर चिरावीत आणि ते पाणी सूपसाठी ठेवावे.